एकदाच वाजलेली बेल

मिलिंद,

तुझं मशीन चालू आहे. दारव्ह्याच्या दुकानावरच्या खोलीत, तू उभ्या केलेल्या रॅकमध्ये, तू बांधलेल्या वायरींसकट. काल नागपूरहून एक इंजिनिअर येऊन गेले. मीच बोलावलं होतं, कारण तुझ्यामागे ते उघडून पाहायची माझी हिंमत नाही. भला माणूस. बराच वेळ स्क्रीन पाहिली आणि म्हणाले, रचना फार सुंदर आहे, कोणी केली? मी तुझं नाव सांगितलं. मग म्हणाले, पण प्रोसेसरचे हे चार कोर सारखे शंभर टक्क्यांवर का? आत्ता दुपारची विजेची लाईन गेलेली आहे, गावंच्या गावं बंद आहेत, मग हे कशात गुंतलेत?

उत्तर मला माहीत होतं. तुझंच उत्तर.

त्यांनी सांगितलं की तुझी दुसरी पद्धतही मशीनवर तयार पडून आहे, बेलवाली. थोडंच काम बाकी आहे. लावून देऊ का, कोर शांत होतील, खोलीही तापणार नाही. मी म्हटलं, विचार करून कळवतो. ते गेले. तेव्हापासून मी विचार करत नाही, नुसता त्या स्क्रीनसमोर बसतो.

विहारात तुझ्या पुण्यानुमोदनाला मला बोलायला उभं केलं होतं. मी दोन वाक्यं बोललो. मिलिंद आमच्या नेटवर्कचा कणा होता. त्याच्या जाण्यानं पोकळी निर्माण झाली आहे. खाली बसलो तेव्हा माझी मलाच लाज वाटली. तू समोर असतास तर म्हणाला असतास, "विज्या, पेपरातली जाहिरात वाचून राह्यला का बे?" शब्द नव्हते असं नाही. सगळे एकदम दारात आले आणि एकही बाहेर पडला नाही. माझं नेहमीचंच. म्हणून लिहितो आहे.

तू पुण्याची नोकरी सोडून बोरीला कायमचा परत आलास, त्या वर्षी मी केबलवाल्याचा नेटवाला झालो होतो. विजेच्या खांबांवरून फायबर ओढून बोरी अरब, लाडखेड आणि मधली खेडी जोडली होती. नागपूरच्या एका डीलरकडून जुना पण दांडगा सर्व्हर आणला होता, सोळा कोरचा. म्हणजे एका डब्यात सोळा कामकरी, असं त्यानं मला समजावलं होतं. सगळी गावं त्याच्यावर टाकली आणि संध्याकाळ झाली की नेट रांगायला लागायचं. पाहिलं तर एक कोर लालभडक, पंधरा थंडगार. मी ठरवून टाकलं, पंधरा कोर बाद आहेत, आपल्याला फसवलं. मशीन गोणपाटात गुंडाळलं, सरकीच्या ट्रकमध्ये ठेवलं आणि नागपूरला परत केलं. त्यानं तपासून पाठवलं. मी भांडून पुन्हा परत केलं. दुसऱ्यांदा ते दुकानात परत आलं त्या दिवशी तू सहज भेटायला आला होतास.

तूच ते गोणपाट सोडलंस. जोडलंस, पाहिलंस, आणि हसायला लागलास. डोळ्यांत पाणी येईस्तोवर.

"पंधरा जण वावराच्या धुऱ्यावर बसले हायेत आन एकटाच निंदून राह्यला. आन तू त्या पंधरा जणाईले दवाखान्यात नेऊन आणलं. तेबी दोन खेपा."

मग तू कागदावर चौकोन काढून समजावलंस. कोणी व्हिडिओ पाहो का फोन लावो, सगळं बारक्या बारक्या पॅकेटांत तुटून येतं. कुणाचं, कुठून, कुठं, हे प्रत्येक पॅकेटवर लिहिलेलं असतं. दारातलं नेटवर्क कार्ड तो पत्ता पाहून कोरांना कामं वाटून देतं. पण आपली ग्राहक जोडायची पद्धत अशी की प्रत्येक पॅकेटवर वरून आणखी एक पाकीट चढतं. कार्ड वरचंच पाकीट पाहत होतं. त्याला सगळी सारखीच दिसत होती, म्हणून सगळी एकाच्याच अंगावर टाकत होतं. आतला पत्ता वाचायचं त्याला येतच नव्हतं.

"वरचं पाहून वाटणी केली का असंच होते, विज्या," तू म्हणालास आणि या वेळी वेगळं हसलास. तुझं घर बोरीच्या कोणत्या अंगाला आहे आणि आमच्या भाऊबंदांची घरं कोणत्या अंगाला, हे दोघांनाही माहीत होतं. तुझ्या आज्यानं दीक्षा घेतली तेव्हा माझ्या आज्यानं काय केलं होतं, तेही. मला ते हसू कळलं होतं. मी खिडकीतून खाली चहा सांगितला. मिलिंद, मला कळलं होतं, एवढंसुद्धा मी तुला कधी सांगितलं नाही.

तू आधी वरचं पाकीट काढायची सोय केलीस आणि आतल्या पत्त्यावरून वाटणी लावलीस. एका माणसाची सगळी पॅकेटं एकाच कोरकडे, म्हणजे मागची पुढे होत नाहीत. ज्यानं हातात घेतलं त्यानंच शेवटपर्यंत न्यायचं, मध्येच दुसऱ्याच्या हातात द्यायचं नाही. देण्याघेण्यातच वेळ जातो, म्हणायचास. तू स्वतःही तसाच होतास. काम घेतलंस की कुणाला हात लावू द्यायचा नाहीस. मला त्याचा राग यायचा. दुखणंसुद्धा तू तसंच नेलंस, हे आता दिसतं.

आणि मग आपलं ते भांडण. सोळाही कोर कामाला लागले तरी संध्याकाळी मशीन अडखळायचंच. तू म्हणालास, बेलचा घोटाळा आहे. पॅकेट आलं की कार्ड बेल वाजवतं. कोर हातातलं काम ठेवतो, उठतो, दार उघडतो, पॅकेट घेतो, परत येऊन बसतो. बसतो न बसतो तोच दुसरी बेल. गर्दी वाढली की नुसतं उठणं आणि बसणं, काम शून्य. पॅकेटं दाराशीच गळून जातात आणि कुणाला पत्ताही लागत नाही.

"बेलच काढून टाकतो," तू म्हणालास. "दारातच उभा करतो. आहे का, उचल. आहे का, उचल."

चार कोर तू दाराशी उभे केलेस. त्या संध्याकाळी पहिल्यांदा बोरीहून तक्रारीचा फोन आला नाही. मी खूष. दुसऱ्या दिवशी दुपारी लाईन गेली, सगळी गावं बंद, आणि मी स्क्रीन पाहिली तर चारही कोर शंभरावर. मला वाटलं बिघडलं. तुला बोलावलं.

"काम नाही तं शंभर कसे?"

"पाहून राह्यले ते."

"कोणी नाही तरी?"

"कोणी नाही, हे पाह्यल्याशिवाय कसं समजंल?"

इथून आपण दोघं पेटलो ते शेवटपर्यंत. माझं म्हणणं, पाहणं म्हणजे काम नव्हे. उन्हाळ्यात त्या खोलीत कूलर पाणी पिऊन पिऊन थकतो, इन्व्हर्टर जीव टाकतो, आणि हे चौघं रिकाम्या दाराकडे पाहत बसलेत. ज्याला गरज असंल तो वाजवील बेल. तू म्हणायचास, बेलवर बसलं तर सगळं येणाऱ्याच्या भरवशावर राहतं, पाहणं आपल्या हातात असतं. मी म्हणायचो, तुझ्या आळशी कोरांसाठी मी अख्खं दारव्हा भाजू का. तू म्हणायचास, दुकानात गिऱ्हाईक नसलं का तू शटर पाडून घरी जातं का? चहावाला कप ठेवताना विचारायचा, झालं का भाऊ तुमचं भांडण, का अजून एक कप लागते.

खरं सांगायचं तर भांडण मशीनचं कमी आणि आपल्या स्वभावाचं जास्त होतं. मी वाट पाहणारा माणूस. आपण होऊन कुणाच्या दारात जायचं नाही, आलं तर पाठ दाखवायची नाही, एवढंच मला जमतं. सासऱ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा मला कळवलंच नाही म्हणून मी गेलो नव्हतो, त्यावरून तू मला चार दिवस टोमणे मारले होतेस. आणि तू कुणाकडेही उगवायचास. आमच्या घरी येऊन आईच्या खाटेवर बसायचास. ती विचारायची, काही काम होतं का रे बावा? तू म्हणायचास, काही नाही मावशी, पाह्यला आलतो. मला ते बिनकामाचं वाटायचं.

गेल्या उन्हाळ्यात तू नमलास. पहिल्यांदाच. खोलीत उभं राहवत नव्हतं, तू शर्टाची बटणं सोडून रॅकसमोर बसला होतास. म्हणालास, "चाल, तुह्या मनासारखी बेल लावतो. पण एकच खेप वाजंल."

मी विचारलं, एकच काहून?

"एकदा वाजली म्हणजे समजलं ना, का दारात कोणी आहे. मंग त्याले परत परत कायले वाजवा लावतं? मंग आपण पाहत राहाचं. लई वेळ कोणी नाही आलं, तं मंग घे बेल उशाशी आन झोप."

जगात बऱ्याच ठिकाणी असंच करतात, हेही तूच सांगितलंस; नुसतं आपल्या मशीनवर बसवायचं होतं. अर्धं माझं, अर्धं तुझं. मी म्हटलं, जिंकलो. तू म्हणालास, अर्धाच. दिवाळीपर्यंत करून देतो.

दिवाळीत तुझा शर्ट अंगावर लोंबत होता. मी पाहिलं. आवाज बसला होता, तू म्हणालास धूळ लागली. नागपूरच्या फेऱ्या वाढल्या, तू म्हणालास काम आहे. मी मान डोलावली. मग एक दिवस तूच सांगितलंस, एखाद्या वायरचा रंग सांगावा तसं, की गाठ आहे, औषधं चालू केलीत, आता काही दिवस बोरीहूनच काम करीन. मी म्हटलं, काही लागलं तर सांग. तू म्हणालास, सांगतो. मी ते शब्दशः धरलं.

त्यानंतर मी तुला फोन केले, मिलिंद. नेट अडलं की केले. कधी तुझा आवाज फुटायचा नाही, मग तू टाईप करून कळवायचास. दुरुस्त व्हायचं. मी थँक्यू म्हणायचो. दारव्हा ते बोरी, यवतमाळ रोडनं मोटरसायकलवर अर्धा तासही लागत नाही. त्या रस्त्यानं मी जवळपास रोज जात होतो, फायबर पाहायला, खांब पाहायला. तुझ्या घराकडे वळायचा रस्ता येई तेव्हा मी सरळ पुढे पाहायचो.

कामात होतो असं मी सगळ्यांना सांगितलं. ते खोटं आहे. मी घाबरलो होतो. पाहिलं की कळतं. न पाहिलेलं अजून झालेलं नसतं, असं काहीतरी माझ्या मनानं धरलं होतं. तू इतकी वर्षं घसा फोडून जे सांगत होतास, त्याच्या बरोबर उलट.

आणि मग तुझा तो फोन. मी लाडखेडच्या अलीकडे शिडीवर होतो, तुरीच्या शेताच्या कडेला. ट्रॅक्टरनं फायबरची लाईन तोडली होती. स्क्रीनवर तुझं नाव पाहिलं आणि पहिला विचार हा आला की आता कुठलं गाव बंद पडलं.

"काही बंद आहे का?" मी विचारलं.

"नाही. सहज केला. काय करून राह्यला?"

तुझा आवाज कागद घासल्यासारखा होता. मी सांगितलं, शिडीवर आहे. तू म्हणालास, पडशीन लेका. मी हसलो. मग तू थांबलास. मी पण थांबलो. त्या थांबण्यात मी काहीही विचारू शकलो असतो. मी म्हटलं, "करतो मी तुले मंग."

"कर," तू म्हणालास.

मी केला नाही. शिडीवरून उतरलो तेव्हा करणार होतो. मग घरी गेल्यावर. मग म्हटलं, काही असतं तर त्यानं सांगितलं असतं, आणि असलंच तर परत करीलच. मी दुसऱ्या बेलची वाट पाहत बसलो. दुसरा फोन आला तो सुजाता वहिनींचा होता, आणि तो तुझ्याबद्दल होता.

विहारातल्या कार्यक्रमानंतर वहिनींनी मला थांबवलं. लोक जेवायला बसले होते. त्यांच्या आवाजात राग नव्हता, तो असता तर मला काहीतरी धरायला मिळालं असतं. त्या म्हणाल्या, मी त्यांना म्हणत होती, विजूभाऊजींना बोलवून घेऊ का. तर हे म्हणे नको. मग एक दिवस स्वतःच फोन केला तुम्हाला. फोन ठेवला आणि उशी सरळ करून द्यायला सांगितली. मग तुझे शब्द तुझ्यासारखेच बोलल्या:

"झालं. आता येईल तो."

मग तू त्यांना खाट फिरवायला सांगितलीस. दाराकडे तोंड करून.

मी तिथून कसा उठलो ते आठवत नाही. कुणीतरी माझ्या ताटात जिलेबी वाढली होती आणि मी ती खाल्ली, हे आठवतं.

मला हिशेब मांडायचा नाही, पण तो आपोआप मांडला जातो. तू उभ्या आयुष्यात बेलवर विश्वास ठेवला नाहीस. माझ्यासाठी ठेवलास. ठरल्याप्रमाणे एकदा वाजवलीस. तुझं अर्धं तू पाळलंस. माझ्या वाट्याला आलेलं अर्धं, पाहत राहायचं, ते मी पाळलं नाही. आणि आता ज्याच्याकडे कबूल करायचं तोच नाही. हे लिहिणं पॅकेट टाकण्यासारखंही नाही. पॅकेटाला निदान पत्ता असतो.

उमरखेडच्या त्या ऑपरेटरचा परवा फोन आला होता, ज्याच्याकडे तू दोन मुक्काम करून असंच मशीन बसवून दिलंस. तो रडत होता. साहेब गेले, आता आमचं कोण पाहणार, म्हणाला. मी म्हटलं, मी आहे ना. फोन ठेवल्यावर मला हसू आलं, तेही तुझ्यासारखं. मी आहे म्हणे. आणि कशाला?

लोक याला विजूभाऊचं नेट म्हणतात. तुझ्यासमोर म्हणायचे, आणि मी कधी दुरुस्त केलं नाही. तू नुसता भुवई उडवायचास. बोरीच्या पोरी आज घरी बसून परीक्षेचे फॉर्म भरतात, क्लास पाहतात. तालुक्याला यावं लागत नाही. म्हातारी माणसं पुण्या-नागपूरच्या लेकरांची तोंडं पाहतात आणि चित्र अडकत नाही. ते चित्र तू अडकू दिलं नाहीस. तू नसतास तर मी अजून ते मशीन गोणपाटात गुंडाळून नागपूरला पाठवत राहिलो असतो. माझ्या घरातली चूल तुझ्या डोक्यावर चालली, मिलिंद. हे विहारात बोलायचं होतं.

आज सकाळी इंजिनिअरांचा परत फोन आला. काय ठरलं? मी म्हटलं, राहू द्या सध्या आहे तसं. ते म्हणाले, तुमची मर्जी, पण हे कोर विनाकारण जळताहेत. मी हो म्हटलं. काय सांगणार होतो? बेलवाली पद्धत तू माझ्या हट्टासाठी केलीस. ती लावली तर तू माझं ऐकलंस असं होईल, आणि मला आता तुझं ऐकायचं आहे. नाही लावली तर ते चौघं असेच रिकाम्या दाराकडे पाहत राहतील, आणि ते मला बघवत नाही. दोन्हीकडून काही बदलत नाही.

दुपारी मोटरसायकल काढली. वळणाला वळलो.

वहिनी अंगणात तूर पाखडत होत्या. मला पाहून उठल्या, पदर सावरला, नेट बंद पडलं का विचारलं. नाही म्हटलं. काही कागद पाहिजेत का, लॅपटॉप पाहिजे का. नाही म्हटलं. त्या सूप हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या.

"मंग काहून आले भाऊजी?"

मला तुझं ते आईला द्यायचं उत्तर आठवलं, पाह्यला आलतो. त्यांनीच दार उघडलं आणि पाण्याचा तांब्या आणायला आत गेल्या. मी चपला काढून उंबऱ्यावर बसलो. खाट अजून तशीच आहे, दाराकडे तोंड करून. गादी काढून घेतली आहे, उशी नाही. नुसत्या पट्ट्या. मी बराच वेळ पाहिलं.

कोणी नाही. पाहिल्याशिवाय समजलं नसतं.